वस्तीतले पाळणाघर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात पर्वतीच्या उतारावरील एका वस्तीत आम्ही राहतो. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना, गेल्या जूनमध्ये, मी त्याला जवळच एका सामाजिक संस्थेने चालवलेल्या पाळणाघरात घातले. तेव्हा मला कोणी खरी माहिती दिली असती तर फार बरे झाले असते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

त्याआधी मी सकाळी तीन घरी पोळ्या करीत असे आणि महिन्याला 4,500 रुपये मिळत. अंगणवाडीतील पूर्वशालेय शिक्षण तीन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी असते आणि तेही काही तासांपुरतेच, त्यामुळे माझ्या मुलासाठी तिचा उपयोग नव्हता. त्याला माझी पाचवीतली मुलगी सांभाळायची. सासूबाई गावी गेल्या किंवा शेजारच्या काकूंना अडचण आली, की तिची शाळा बुडे. एके दिवशी तिच्या बाईंनी मला बोलावून हजेरीपट दाखवला आणि म्हणाल्या, “ताई, मुलगी हुशार आहे, पण आठवड्यातून दोन दिवस वर्गात दिसतच नाही.” बाळाला सांभाळायला आपल्याला काही खर्च येत नाही असे मी समजत होते, तो खर्च माझी मुलगी भरत होती. तो हजेरीपट अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पाळणाघराचे शुल्क महिना 600 रुपये आहे. जवळच्या सोसायटीतील खासगी पाळणाघराने 4,000 सांगितले होते. तरी माझ्या मते शुल्कापेक्षा वेळ महत्त्वाची. हे पाळणाघर सकाळी साडेआठ ते सायंकाळी सहापर्यंत उघडे असते, आणि केवळ त्यामुळेच मला किराणा मालाच्या दुकानात साडेनऊ ते साडेपाच असे पूर्ण वेळेचे पॅकिंगचे काम धरता आले. आता पगार 11,000 आहे. दुपारी दोनला बंद होणारे पाळणाघर फुकट असते, तरी मला पोळ्यांचीच कामे करावी लागली असती.

मुलाची काळजी चांगली घेतली जाते. सकाळी खाऊ, दुपारी वरणभात किंवा उसळ, दर महिन्याला वजन आणि उंचीची नोंद. पहिले पंधरा दिवस तो फार रडला. ताईंनी मला रोज अर्धा तास बसू दिले आणि हळूहळू ती वेळ कमी केली. पावसाळ्यात त्याला जुलाब झाले तेव्हा त्यांनी जलसंजीवनी देऊन लगेच फोन केला.

उणिवाही आहेत. ताप असलेल्या मुलाला घेत नाहीत. ते योग्यच आहे, पण तो दिवस माझ्या पगारातून जातो. गौरी-गणपतीत पाच दिवस पाळणाघर बंद होते आणि नेमक्या त्याच दिवसांत दुकानात सर्वाधिक गर्दी होती. सर्वात मोठी अडचण म्हणजे नऊ महिन्यांत तीन मदतनीस बदलल्या. मुलाला एका मावशीचा लळा लागतो आणि ती निघून जाते. कारण विचारले तेव्हा कळले की त्यांचे मानधन माझ्या पगाराच्या निम्म्याहून थोडेच अधिक आहे. माझे 600 रुपये पुरतात ते मदतनीसांच्या कमी मानधनामुळे, ही गोष्ट मला खुपते. शुल्क 800 केले आणि वाढ मदतनीसांना दिली, तर मी आनंदाने भरीन. मात्र वस्तीतील प्रत्येकीला ते जमणार नाही, म्हणून ही तफावत आयांच्या नव्हे, सरकारच्या पैशातून भरली पाहिजे.

सरकारी योजना आहेत. 2017 च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला महिना 20 रुपये शुल्क होते. 2022 पासून ती केंद्र सरकारच्या महिलांसाठीच्या ‘मिशन शक्ती’ योजनेत ‘पालना’ या नावाने चालते आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद तिच्यात आहे. माझ्या चालण्याच्या अंतरात मला असे केंद्र सापडले नाही. 2017 मध्येच मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. आमच्या दुकानात नऊ जण आहेत, आणि ज्या घरी मी पोळ्या करीत होते तिथे तर मी एकटीच होते.

या काळात बचत गटाचे कर्ज फिटले आणि पोस्टात माझ्या नावावर महिना 1,000 रुपयांची आवर्ती ठेव सुरू झाली. मुलीची शाळा आता फक्त आजारपणातच बुडते.

प्रवेश घेण्यापूर्वी बंद होण्याची नेमकी वेळ, सणांच्या सुट्ट्या आणि एका मदतनीसाकडे किती मुले असतात, एवढे अवश्य विचारा. पहाटे घराबाहेर पडणाऱ्या सफाई कामगार भगिनींना मात्र हे पाळणाघर सध्या उपयोगाचे नाही. सकाळी सातला दार उघडावे, अशी मागणी आम्ही एकोणीस आयांनी सह्या करून संस्थेकडे दिली आहे. पुढच्या पालकसभेत त्यावर चर्चा होणार आहे.