पाकीट, गिरणी की घरघंटी: पीठ कुठून आणावं?

मुंबईत नवा संसार मांडला किंवा घर बदललं की दूध, पेपर, गॅस यांची सोय लागते आणि मग पिठाचा विषय निघतो. दुकानातून पाकीट आणायचं, धान्य घेऊन गिरणीत दळायचं, की एकदाच खर्च करून घरघंटी घ्यायची? आम्ही लालबागला राहतो. पाकीट आणि गिरणी दोन्ही आमच्या घरात वर्षानुवर्षं वापरून झालं आहे. घरघंटी बहिणीकडे आहे आणि तिच्याकडे मुक्काम पडला की दळण घालायचं काम माझ्याकडेच असतं. त्यामुळे तिन्हींबद्दल थोडंफार सांगू शकतो. पैशांचे अंदाज आमच्या भागातले आहेत, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे असेल.

आधी गहू उरकून घेतो. बहुतेक जण गव्हाचा हिशेब मांडून निर्णय घेतात, पण गव्हात खरं तर फारसा फरक निघत नाही. लोकवन गहू घ्या, त्यात दळणाई मिळवा, निवडताना आणि दळताना होणारी घट धरा. बेरीज पाकिटाच्या आसपासच येते. दुकानात सवलत असली तर पाकीट स्वस्तही पडतं. 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर 5 टक्के जीएसटी लागू झाला, सुट्या धान्याला तो नाही. पण तेवढ्याने पारडं फिरत नाही. पाकिटातलं पीठ बारीक असतं, पाणी जास्त पितं, आणि त्याची पोळी दुपारी डब्यात मऊ राहते. गिरणीच्या पिठाच्या पोळीला चव आणि वास जास्त, पण कणीक नीट भिजू दिली नाही तर दुपारपर्यंत ती वातड होते. सकाळी सहाला उठून दोन-तीन डबे भरणाऱ्या घरात कोणी गव्हासाठी पाकीट आणत असेल तर त्याला चूक म्हणण्याचं मला काही कारण दिसत नाही.

फक्त मल्टिग्रेनच्या पाकिटावर जास्तीचे पैसे घालण्याआधी मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिला गहू असतो आणि नाचणी, सोयाबीन, ओट्स ही मंडळी बरीच खाली असतात. त्यापेक्षा पाच किलो गव्हात पाव किलो हरभरे, मूठभर सोयाबीन आणि चमचाभर मेथ्या घालून दळून आणलं, तर आपल्या पिठात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं आणि पैसेही वाचतात.

माझा निर्णय झाला तो ज्वारीवरून.

आमच्याकडे रात्री भाकरी असते. आई थापते, ती गावी असली की मी. काही काळ सोय म्हणून ज्वारीचं पीठही पाकिटातलंच येत होतं. पीठ दिसायला छान, पांढरंशुभ्र. पण परातीत थापायला घेतलं की हाताखाली भाकरी पुढे सरकायची नाही. तळहाताएवढी झाली की काठाला चिरा पडायच्या. चिरा बोटाने सांधाव्यात तर दुसऱ्या बाजूला पडायच्या. उचलून तव्यावर टाकेपर्यंत मध्येच तुकडा निघायचा, आणि जी शाबूत पोचायची तिला पदर सुटायचा नाही. भाकरी फुगली नाही की ती आत कच्चट राहते आणि गार झाल्यावर पुठ्ठ्यासारखी लागते. आई एकच वाक्य बोलायची, ‘विरी गेलीय पिठाची.’ विरी म्हणजे पिठाचा धरून ठेवणारा चिकटपणा.

ज्यांच्या घरी रोज भाकरी होते त्यांना हे सांगायला नको. ज्वारीत ग्लुटेन नाही. गव्हाची कणीक ताणली तरी धरून राहते, तसं ज्वारीच्या पिठाचं होत नाही. ते धरून ठेवायला ताजेपणा लागतो, गरम पाणी लागतं आणि तळहाताने रेटून मळणं लागतं. गरम पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि चिकटपणा येतो. पीठ शिळं असेल तर उकड काढून भाकरी करता येते. पाणी उकळून त्यात पीठ घालून झाकून ठेवायचं आणि मग मळायचं. आम्हीही तसं केलं. पण कामावरून येऊन रोज रात्री उकड काढायची म्हणजे पाकिटाने जो वेळ वाचवला तो सगळा परत गेला. गव्हाची पाकिटं दुकानातून भराभर उठतात, ज्वारी-बाजरीची फळीवर बसून राहतात. तारीख पाहून घेतली तरी दोन-दोन महिन्यांपूर्वीचं पॅकिंग हाती यायचं. मुदतीच्या आत होतं, खायला वाईट नव्हतं. भाकरी मात्र होत नव्हती.

बाजरीचं तर याहून लवकर बिघडतं. बाजरीत स्निग्धांश गव्हापेक्षा जास्त असतो आणि दळल्यावर तो हवेला उघडा पडतो, म्हणून पीठ काही दिवसांतच कडवट लागायला लागतं. संक्रांतीच्या सुमारास तीळ लावून बाजरीची भाकरी करायची असेल तर पीठ त्याच आठवड्यात दळलेलं हवं.

ज्वारी दोन किलो दळून आणायची, आठ-दहा दिवसांत संपवायची आणि पुन्हा दळायची, हे गिरणीमुळे जमतं. धान्य मात्र महिन्याभराचं भरून ठेवता येतं. मालदांडी किंवा मंगळवेढ्याची ज्वारी मिळाली तर भाकरी पांढरी आणि गोडसर होते, पण साध्या शाळूचीही उत्तम होते. पैशांचा फरकही इथे दिसतो. ज्वारी, नाचणी यांचं पाकीटबंद पीठ धान्य अधिक दळणाईपेक्षा बरंच महाग पडतं. भाकरी खाणाऱ्या घराची बचत इथे होते, गव्हात नाही.

गिरणीचे त्रास आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. पहिला वेळेचा. लोकलने घरी पोचेपर्यंत साडेआठ-नऊ होतात आणि गिरणीचं शटर अर्धं खाली आलेलं असतं. आमच्याकडे डबा सकाळी जाताना ठेवतो आणि रविवारी किंवा जमेल त्या संध्याकाळी उचलतो. काही गिरणीवाले चार-दोन रुपये जास्त घेऊन पोरगा पाठवून घरपोच देतात, विचारून पाहा. दुसरा त्रास असा की गिरण्या कमी होत चालल्या आहेत. जुन्या चाळींच्या तळमजल्यावरचे गाळे पुनर्विकासात गेले की नव्या टॉवरखाली गिरणी परत येतेच असं नाही. गिरणी चालत पाच-दहा मिनिटांवर नसेल तर पुढचं सगळं वाचूनही तुम्ही पाकीटच आणाल, आणि ते समजण्यासारखं आहे.

तिसरा त्रास आपल्या सांगण्यावर अवलंबून असतो. तुमच्या आधी जात्यात काय पडलं होतं त्याचा थोडा अंश तुमच्या पिठात येतो. म्हणून डबा ठेवताना ‘गव्हावर गहू घाला’, ‘ज्वारीवर ज्वारी’ असं सांगायची पद्धत आहे. आमचा गिरणीवाला ज्वारी-बाजरीचे डबे एका बाजूला साठवतो आणि सलग दळतो. आधी कुणाची हरभरा डाळ दळलेली असेल तर ज्वारीच्या पिठाला पिवळट झाक येते, ती चिमटीत घेऊन बघितली तरी कळते. उपासाचा राजगिरा किंवा वरी तर तिथे द्यायचीच नाही, थोडी असते, ती मिक्सरवर करावी.

दगडाचंही विचारून घ्यावं. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावतात, म्हणजे छिन्नीने ठोकून पुन्हा खरबरीत करतात. टाकी लावल्यावर पहिल्या दळणांत बारीक कच येण्याची शक्यता असते. चांगला गिरणीवाला आधी आपलं भरड धान्य घालून दगड साफ करतो. दाताखाली कचकच लागली तर दळण परत दाखवायला संकोच करू नये.

आणि घरी आणल्यावर लगेच झाकण लावू नये. गिरणीतून आलेलं पीठ हाताला गरम लागतं. तसंच डब्यात कोंडलं की आत वाफ धरते, आणि मुंबईच्या पावसाळी दमट हवेत त्याला वास येतो, गुठळ्या होतात, पुढे जाळी धरते. परातीत किंवा स्वच्छ कागदावर पसरून पूर्ण गार करावं, मग भरावं. जून ते सप्टेंबर मी गव्हाचंही पीठ पाच किलोच्या वर दळून आणत नाही. धान्याला टोके लागू नयेत म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतो. पोतंभर गहू भरायला आमच्या घरात जागाही नाही आणि वाळवायला गच्चीही नाही.

घरघंटीचं आकर्षण मला पूर्ण कळतं. हवं तेव्हा, हवं तेवढं, दुसऱ्याच्या धान्याची भेसळ नाही. ताजेपणात तर ती गिरणीच्याही पुढे आहे, कारण आज रात्रीपुरती ज्वारी आज संध्याकाळी दळता येते. वीजही फार खात नाही. एक अश्वशक्तीची मोटर म्हणजे साधारण 750 वॉट, तासभर चालवली तर पाऊण युनिट. खर्च आहे तो यंत्राचा. चौघांच्या घराला महिन्याला 15 किलो दळण आणि किलोला 10 रुपये दळणाई धरली तर वर्षाचे 1,800 रुपये होतात. यंत्र 18,000 रुपयांचं असेल तर ते वसूल व्हायला 10 वर्षं लागतात, मध्ये दुरुस्ती निघाली नाही तर.

पण पैशांपेक्षा मला खटकतं ते वेगळंच. लहान कपाटाएवढी ती वस्तू वन बीएचकेमध्ये कुठे ठेवायची, हा पहिला प्रश्न. चालू केली की दाराबाहेर आवाज जातो, त्यामुळे रात्री नऊनंतर शेजाऱ्यांचा विचार करावा लागतो. म्हणजे हवं तेव्हा दळता येतं हे मुंबईत अर्धंच खरं. दळण झाल्यावर जाळी काढून ब्रशने झाडावी लागते, कोपऱ्यातलं पीठ पुसावं लागतं. ते राहिलं तर पावसाळ्यात त्यातच किडे होतात. धान्य जरा सर्द असलं की जाळी तुंबते. बहीण हे सगळं मनापासून करते आणि तिच्या घंटीवरच्या बाजरीची भाकरी फार सुरेख होते. तिच्याकडे मोठी बाल्कनी आहे. आमच्याकडे नाही.

एका बाबतीत मात्र मी ठामपणे गिरणीच्या विरुद्ध सांगेन. घरात कुणाला सीलिअॅक, म्हणजे ग्लुटेन अजिबात न चालणारा आजार असेल, डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केला असेल, तर गिरणीचं ज्वारीचं पीठ चालणार नाही. ज्वारीवर ज्वारी घातली तरी जात्यात, चाळणीत, हवेत गहू असतोच. अशा घरी फक्त बिनग्लुटेन धान्यासाठी ठेवलेली घरघंटी किंवा ग्लुटेन-फ्री असं स्पष्ट छापलेलं पाकीट, हेच दोन पर्याय. तिथे पैसे मोजू नयेत. लहान बाळाची नाचणी असेल तर ती थोडीच लागते, घरी भाजून मिक्सरला वाटून बारीक चाळणीने चाळली तरी भागतं.

बाकी सगळ्यांनी मला विचारलं तर मी असं सांगतो: तुमच्या घरी आठवड्यात किती वेळा भाकरी होते ते बघा. क्वचितच होत असेल, पोळी आणि भात एवढंच असेल, तर पाकिटाने तुमचं काही अडणार नाही. आठवड्यातून तीन-चार रात्री भाकरी असेल तर निदान ज्वारी-बाजरीसाठी गिरणी गाठा. गव्हाचं नंतर ठरवा. आमच्याकडे ज्वारीसाठी गिरणीची फेरी सुरू झाली आणि हळूहळू गव्हाचा डबाही तिकडेच जायला लागला, कारण फेरी व्हायचीच होती. आता पाकीट येतं ते गिरणीवाला गावाला गेला की.

गिरणी नवी असेल तर पहिल्यांदा दोनच किलो ज्वारी न्या, डबा आतून कोरडा आहे ना ते बघा, आणि ‘भाकरीसाठी, बारीक’ असं सांगा. भरडसर पिठाची भाकरी ताज्या पिठाचीही चिरते. त्याच रात्री एक भाकरी थापून बघा. काठ न चिरता ती परातभर सरकली आणि तव्यावर फुगली, तर पुढच्या खेपेला गव्हाचा डबाही त्याच्याकडे न्यायला हरकत नाही.