उत्क्रांतीचा तक्ता: दोन तारे

सांगलीच्या गणपती पेठेतून नातवासाठी ‘मानवाची उत्क्रांती’ तक्ता घेतला, ६० रुपये. लॅमिनेशन झकास, पावसाळ्यातही सुटलं नाही. पण चित्र? माकडापासून माणसापर्यंत सरळ रांग, जणू एसटीच्या तिकिटाची! आत्तीनं बघताक्षणी विचारलं, “मग हितली माकडं अजून माकडंच कशी रं?” अशी रांग पाहिल्यावर हा प्रश्न पडणारच. चिंपांझी आपला पूर्वज नव्हे, चुलतभाऊ; दोघांचा मूळ पूर्वज साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वीचा. रांगेऐवजी झाडासारख्या फांद्या रेखाटायला हव्या होत्या.

तिचा दुसरा मुद्दा मात्र तक्त्याच्या आवाक्याबाहेरचा: “मिरजेचा तंबोरा कारागिराबिगर होत न्हाई, मग माणूस कसा होईल?” तंबोऱ्याला पिल्लं होत नाहीत, की पिढ्यानपिढ्या थोडा थोडा बदलत जाईल, एवढंच मी म्हणालो. चहा येईपर्यंत आत्ती बोलली नाही.

दोन तारे, तेही लॅमिनेशनला.