गुडइयर वेल्टचे ऑक्सफर्ड बूट: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

हे बूट घेऊन आता नऊ महिने होत आले. गडद तपकिरी रंगाचे, वासराच्या चामड्याचे, पुढच्या टोकावर आडवी शिवण असलेले, म्हणजे ज्याला कॅप-टो म्हणतात त्या घडणीचे ऑक्सफर्ड; सोल चामड्याचा आणि शिवण गुडइयर वेल्टची, म्हणजे सोल कडेने फिरणाऱ्या चामडी पट्टीला शिवण्याच्या पद्धतीची. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला नऊ-दहा तास ते माझ्या पायांत असतात. म्हणजे आजवर शंभराहून अधिक दिवस मी त्यांत उभा राहिलो आहे, चाललो आहे, जिने चढलो-उतरलो आहे. पहिल्या आठवड्यात अनुभव लिहायला बसलो असतो तर तो चमक आणि आकार यांच्यापुरताच राहिला असता. या प्रकारच्या बुटातले जे मोलाचे असते ते बहुतेक सगळे आत असते, डोळ्यांना दिसत नाही, आणि ते पायाला कळायला काही महिने जावेच लागतात.

सुरुवात मापापासून करतो, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. धावण्याच्या बुटांचा जो क्रमांक मला बसतो तोच मी इथेही मागितला, आणि दुकानात पाय घालताच टाच मोकळी हलू लागली. खेळाच्या बुटांत आतून जाड अस्तर असते आणि बोटांपुढे जागा सोडलेली असते. चामड्याच्या औपचारिक बुटांत तसे नसते, म्हणून त्यांचा क्रमांक बऱ्याच जणांना अर्ध्याने, काहींना एकानेही लहान लागतो. इंग्लिश मापात एका क्रमांकाचे अंतर इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर असते. अर्धा क्रमांक म्हणजे जेमतेम चार मिलिमीटर. पण दिवसभर चालताना तेवढ्या फरकानेही पाय पुढे घसरतो आणि बोटे टोकावर आदळतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट मला तिथे प्रथमच समजली. लांबी टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत मोजून भागत नाही; टाचेपासून चवड्याच्या सर्वांत रुंद भागापर्यंतचे अंतर वेगळे मोजावे लागते, कारण बूट नेमका तिथेच वाकणार असतो. चार्ल्स ब्रॅनॉक या अमेरिकी गृहस्थाने १९२०च्या दशकात तयार केलेले धातूचे मोजमापयंत्र अजूनही वापरात आहे, ते एवढ्याचसाठी: ते पूर्ण लांबी, टाच ते चवडा हे अंतर आणि रुंदी अशी तिन्ही मापे एकाच वेळी दाखवते. माझी बोटे आखूड आणि पावलाची कमान लांब, म्हणून निव्वळ लांबीवरून मी घेतलेला प्रत्येक बूट आजवर चुकीच्या जागी वाकत आला होता. माप संध्याकाळी घ्यावे, हे मी आवर्जून सांगेन. दिवसभराच्या उभे राहण्याने पाय थोडे फुगतात आणि बुटाला सामावून घ्यायचा असतो तो हाच फुगलेला पाय.

क्रमांक जुळला तरी लास्ट जुळेलच असे नाही. लास्ट म्हणजे पायाच्या आकाराचा तो साचा, ज्यावर चामडे ताणून बूट घडवला जातो. एकाच क्रमांकाचे दोन बूट वेगवेगळ्या लास्टवर घडवलेले असतील तर एक करंगळीला चेपतो आणि दुसरा टाचेला सैल पडतो. मी चार जोड घालून पाहिले, त्यांतला दिसायला सर्वांत साधा निवडला, आणि त्या निवडीचा मला आजही आनंद आहे. त्याचा लास्ट टाचेकडे अरुंद आणि पुढे पुरेसा रुंद आहे.

ऑक्सफर्ड घ्यावा की डर्बी, हा प्रश्न पुष्कळ जण केवळ शोभेचा समजतात, पण तो आधी पायाचा प्रश्न आहे. ऑक्सफर्डमध्ये नाड्यांच्या दोन्ही पट्ट्या चवड्यावरच्या चामड्याखाली शिवलेल्या असतात, त्यामुळे त्या खालच्या टोकाला बंद असतात आणि बूट वरून एकसंध दिसतो. डर्बीमध्ये त्याच पट्ट्या चामड्यावर शिवलेल्या असतात आणि पंखांसारख्या पूर्ण उघडतात. म्हणून ज्यांच्या पावलाचा वरचा भाग उंच आहे त्यांना डर्बी सोयीचा पडतो. याच कुळातल्या ब्लुचर या प्रकाराला प्रशियाचे फील्डमार्शल ब्लुचर यांचे नाव मिळाले आहे. माझे पाऊल मध्यम उंचीचे असल्यामुळे मला ऑक्सफर्ड चालला. नवा असताना नाड्या आवळल्यावर पट्ट्यांमध्ये बोटाच्या रुंदीहून थोडी कमी फट राहत होती. आता ती जवळजवळ मिटली आहे. दुकानातच पट्ट्या एकमेकींना टेकत असतील तर तो जोड घेऊ नये, कारण चामडे सैलावल्यानंतर आवळायला काही उरत नाही.

पहिले तीन आठवडे सुखाचे नव्हते. उजवा बूट टाचेच्या वर चावला आणि दोन दिवस पट्टी लावावी लागली. सोल इतका ताठ होता की पाऊल उचलताना टाच आतल्या आत निसटत असे, आणि आपण पुन्हा मापात फसलो की काय या शंकेने मला ग्रासले. पहिल्या आठवड्यात मी ते रोज दोन-तीन तासच घातले, दुसऱ्यात अर्धा दिवस. पाचव्या आठवड्याच्या सुमारास सोल चवड्यापाशी वाकायला लागला आणि टाचेचे निसटणे थांबले. नव्या चामडी सोलाच्या बुटात टाच किंचित उचलली जाणे आणि बूट मोठा असल्यामुळे टाच सुटणे या दोन गोष्टी सुरुवातीला सारख्याच वाटतात. पहिली आपोआप जाते, दुसरी वाढत जाते. आणि पट्ट्यांमधली फट योग्य असेल तर बहुधा ती पहिलीच असते.

यानंतरचा बदल मला सर्वांत आवडला. गुडइयर वेल्टच्या बुटात वरचे चामडे, अस्तर आणि पायाखालचे इनसोल यांना वेल्ट नावाची चामड्याची एक अरुंद पट्टी कडेने शिवलेली असते, आणि बाहेरचा सोल या पट्टीला दुसऱ्या शिवणीने जोडलेला असतो. पट्टी कडेने फिरत असल्यामुळे इनसोल आणि सोल यांच्यामध्ये पोकळी उरते. ती बहुधा कॉर्कने भरतात. चामड्याचे इनसोल आणि खालचा कॉर्क शरीराच्या भाराने आणि उबेने हळूहळू दबतात, आणि पावलाचा ठसा तिथे कायमचा उमटतो. आज बुटाच्या आत हात घातला की टाचेचा खोलगट वाटीसारखा भाग, कमानीचा उंचवटा आणि अंगठ्याची जागा बोटांना स्पष्ट लागते. माझ्या डाव्या पायाचा अंगठा थोडा आत वळलेला आहे, आणि डाव्या बुटातला ठसाही तसाच वळलेला आहे. मऊ फोमचे बूट पहिल्या दिवशी सुखाचे असतात आणि मग दबत, बसत जातात. इथे सहाव्या महिन्यात जे सुख मिळाले ते पहिल्या महिन्यात नव्हते. पायावर प्रेमाने बसणारी वस्तू मी यापूर्वी वापरली नव्हती, असे मी मनापासून लिहितो.

गुडइयर या नावामुळे काहींना इथे टायरचा किंवा रबराचा संबंध वाटतो. रबराचे व्हल्कनायझेशन, म्हणजे गंधकासोबत तापवून रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया, शोधून १८४४ साली त्याचे पेटंट घेणारे चार्ल्स गुडइयर हे वडील. वेल्टच्या शिवणयंत्राशी ज्यांचे नाव जोडले गेले ते त्यांचे चिरंजीव, चार्ल्स गुडइयर ज्युनियर, आणि त्या यंत्राचा काळ १८७०च्या दशकाचा. त्याआधी लायमन ब्लेक यांनी १८५८ साली पेटंट घेतलेल्या यंत्राने सोल थेट इनसोलला शिवला जाई. ब्लेकच्या शिवणीचा बूट हलका, सडपातळ आणि पहिल्या दिवसापासून लवचीक असतो, पण त्याची शिवण इनसोलमधून आरपार जाते; ओल्या रस्त्यावर पाणी आत यायला तिथे वाट असते आणि सोल बदलायला खास यंत्र लागते. वेल्टच्या बुटात जुनी शिवण उसवून नवा सोल वेल्टला शिवता येतो, वरच्या चामड्याला हात लावावा लागत नाही. मात्र यंत्राने शिवलेल्या वेल्टच्या बहुतेक बुटांत इनसोलखाली कापडी कणा डिंकाने चिकटवलेला असतो आणि वेल्ट त्याला शिवतात. हाताने वेल्ट केलेल्या बुटात तो कणा इनसोलच्या चामड्यातूनच कोरून काढतात, म्हणून ते काम अधिक टिकाऊ आणि अर्थातच अधिक खर्चिक असते. माझा जोड यंत्राचा आहे. वेल्ट हा शब्द ऐकून बूट अमर झाला असे कोणी समजू नये.

सोलाविषयी तक्रार आहे आणि ती लपवत नाही. नवा चामडी सोल गुळगुळीत फरशीवर धोकादायक रीतीने घसरतो. पहिल्या काही दिवसांत खरखरीत रस्त्यावर चालून त्याची वरची चकाकी घालवल्यानंतरच मी जिन्यांवर निर्धास्त झालो. दुसरे म्हणजे सोल ताठ असतानाच पुढच्या टोकाची झीज सर्वांत जलद होते, कारण बूट वाकत नाही आणि पाऊल उचलताना टोक जमिनीला घासते. चौथ्या महिन्यापर्यंत उजव्या टोकाची झीज वेल्टच्या शिवणीच्या जवळ पोहोचली होती. कारागिराकडून तिथे धातूची छोटी पट्टी बसवून घेतली आणि झीज थांबली. हे काम पहिल्याच दिवशी करून घ्यायला हवे होते.

सहाव्या महिन्यात बूट मुसळधार पावसात सापडले. सोलाने पाणी शोषले, वरचे चामडे काळपट झाले, आणि मला वाटले की जोड गेला. पण मी ते हीटरजवळ किंवा उन्हात ठेवले नाहीत. उष्णतेने ओले चामडे आकसते आणि तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरले, दर दोन तासांनी बदलले, आणि सोललाही हवा लागावी म्हणून बूट आडवे, एका कुशीवर ठेवले. पूर्ण वाळायला दोन दिवस लागले. वाळल्यावर टोकाजवळ क्षारांची पांढरट रेघ उमटली होती. ओलसर फडक्याने संपूर्ण बूट एकसारखा पुसून घेतल्यावर ती गेली. फक्त डागाची जागा पुसली असती तर तिथे नवी कड दिसली असती. नंतर क्रीम दिले आणि आज त्या दिवसाची एकही खूण उरलेली नाही.

निगेविषयी बोलायचे तर सर्वांत जास्त फळ सर्वांत साध्या गोष्टींनी दिले. बूट काढताच आत देवदाराचे शू ट्री, म्हणजे बुटाचा आकार धरून ठेवणारे लाकडी साचे, घालायचे, आणि पुढचा संपूर्ण दिवस त्या जोडीला विसावा द्यायचा. पायांचा घाम चामड्यात मुरतो, कोरडे देवदार लाकूड तो ओलावा ओढून घेते आणि चवड्यावरच्या वळ्या ताणून धरते. मी दोन जोड आलटून-पालटून घालतो. रोज एकच जोड घालणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याचे याच घडणीचे बूट निम्म्या काळात आतून काळे पडले आणि अस्तर फाटले. पाय घालताना शिंगाचा किंवा धातूचा शू-हॉर्न, म्हणजे टाच आत सरकवायची वाकडी पट्टी, नेहमी वापरतो, कारण टाचेमागचा ताठ भाग एकदा चिरडला की पुन्हा उभा राहत नाही.

पॉलिशमध्ये मात्र अतिउत्साहाने मी हानी केली. क्रीम आणि मेणाचे पॉलिश ही दोन वेगळी कामे आहेत: क्रीम चामड्याला स्निग्धता आणि रंग देते, मेण वर थर धरते आणि चमक आणते. दुसऱ्या महिन्यात मी संपूर्ण बुटावर मेणाचे थर चढवले. चवड्यावर, जिथे चामडे दर पावलाला वाकते, तिथे तो थर तडकला आणि वळ्यांमध्ये पांढरी भुकटी दिसू लागली. सगळे मेण काढून पुन्हा सुरुवात करावी लागली. आता आरशासारखी चमक केवळ टोकाला आणि टाचेला, जिथे आत ताठ अस्तर असल्यामुळे चामडे वाकत नाही. बाकी भागाला महिन्यातून एकदा बोटभर क्रीम, आणि प्रत्येक वापरानंतर घोड्याच्या केसांच्या ब्रशने एक मिनिट घासणे. हे ब्रश करणे मला इतके आवडू लागले आहे की दिवस संपल्याची खूण तीच झाली आहे.

वळ्यांविषयी एक शब्द. त्या पडणारच. चांगल्या, ज्याचा नैसर्गिक पृष्ठभाग घासून काढलेला नाही अशा चामड्यात त्या बारीक, लाटांसारख्या पडतात. घासून वर रंगाचा जाड थर दिलेल्या चामड्यात त्या रुंद आणि तुटक पडतात आणि पुढे थर सोलपटतो. माझ्या बुटांवर प्रत्येकी तीन बारीक वळ्या आहेत, आणि त्यांच्या भोवती तपकिरी रंग जरा खोल होऊन गेला आहे. कोऱ्या बुटाहून मला तो आज अधिक देखणा वाटतो.

ज्यांना रोज एकच जोड वापरायचा आहे, किंवा ज्यांचा दिवस पाण्याचिखलात जातो, त्यांनी रबरी सोलाचा डर्बी घ्यावा. माझ्या जोडीच्या टाचेचा रबरी थर बाहेरच्या कोपऱ्यात झिजून खालच्या चामड्याला भिडायला दोन मिलिमीटर उरले आहेत, तेव्हा याच आठवड्यात तो बदलायला देतो आहे. सोलाच्या मध्यभागी अंगठ्याने दाबले असता तो अजून टणक लागतो. तो मऊ लागू लागला की नवा सोल शिवून घ्यायचा, असे कारागिराने सांगितले आहे, आणि त्याच्या अंदाजाने त्याला आणखी एक वर्ष तरी आहे.