नराचं ऑपरेशन की तात्पुरती हार्मोन चिप?

नर कुत्रा वर्ष-दीड वर्षाचा झाला की घरात हा विषय निघतोच. आसपासची मादी माजावर आली की तो जेवण टाकतो, रात्रभर केकाटतो आणि फाटक उघडं दिसताच पळतो. डॉक्टर नसबंदी, म्हणजे वृषण काढून टाकण्याचं ऑपरेशन, सुचवतात. मग कुणीतरी सांगतं, आता इंजेक्शन मिळतं, कापाकापीची गरज नाही. निर्णय घेण्याआधी तिन्ही पर्याय नीट समजून घ्यायला हवेत. तीन अशासाठी की हार्मोनच्या इंजेक्शनांतही दोन वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार डेस्लोरेलिनचा, म्हणजे 'सुप्रेलोरिन' चिपचा. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी कांडी जाड सुईने खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सरकवतात. भूल लागत नाही आणि नंतर कांडी काढावीही लागत नाही. 4.7 मिलिग्रॅमची साधारण सहा महिने काम करते, 9.4 ची वर्षभर. वृषणांना काम करायला लावणारा मेंदूचा संदेश पिट्युटरी ग्रंथीमार्फत जातो. औषध सतत झिरपत राहिलं की ही ग्रंथी दाद देईनाशी होते, टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक खाली येतं आणि वृषण आक्रसतात.

पण हे लगेच घडत नाही, आणि लोक इथेच फसतात. सुरुवातीला ग्रंथी उलट जास्त चेतवली जाते. त्यामुळे पहिले काही आठवडे अंगावर चढणं, लघवीने खुणा करणं, दुसऱ्या नरांवर गुरगुरणं वाढू शकतं. वंध्यत्वाचा भरवसा लहान चिपला सहा आणि मोठीला आठ आठवड्यांनंतरच धरायचा, तोवर माजावरच्या मादीपासून कुत्र्याला लांब ठेवायचं. घरात नर-मादी दोघं असतील आणि तिचा माज पुढच्या महिन्यात असेल, तर चिप वेळेत उपयोगी पडणार नाही. परिणाम ओसरण्याची तारीखही नक्की नसते. बहुतेक नरांत लहान चिप टाकल्यापासून वर्षभरात टेस्टोस्टेरॉन पूर्ववत होतं, काहींना त्याहून जास्त वेळ लागतो. प्रजननासाठी ठेवलेल्या कुत्र्याच्या मालकाने हे लक्षात घ्यावं.

दुसरा प्रकार डेल्माडिनोन या हार्मोनच्या इंजेक्शनाचा. याचा परिणाम काही दिवसांत दिसतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे शौचाला कुंथणाऱ्या म्हाताऱ्या नराला त्याने आराम पडतो. पण पिल्लं होणार नाहीत, याची खात्री ते देत नाही. भूक वाढते, आणि शरीराला ताण सोसायला लागणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं नैसर्गिक उत्पादनही दबू शकतं. म्हणून नसबंदीऐवजी हे इंजेक्शन पुन्हा पुन्हा देत राहणं मला योग्य वाटत नाही.

ऑपरेशनचं गणित सरळ आहे. भूल, छोटी चीर, जखम चाटू नये म्हणून गळपट्टा, आठ-दहा दिवसांनी टाके काढणं, आणि प्रश्न कायमचा मिटला. शुक्राणू नलिकेत काही काळ उरतात, म्हणून इथेही महिनाभर तरी सांभाळायचं. एक वृषण पोटात अडकलेलं असेल तर मात्र पर्याय शोधत बसू नका. अशा वृषणात गाठ होण्याचा धोका कितीतरी जास्त असतो, ते काढायलाच हवं.

मोठ्या जातींत घाई नको. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2013 मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांत खुब्याच्या सांध्याचा दोष न केलेल्यांच्या दुपटीने आढळला. हाडं वाढत असताना टेस्टोस्टेरॉन नसणं हाच मुद्दा असेल, तर त्याच वयात चिप टाकून धोका टळला असं मी मानणार नाही.

चिपचा खरा उपयोग मला चाचणीसाठी वाटतो. मादीमागे पळणं, घरभर पाय वर करणं, सतत चढणं यात टेस्टोस्टेरॉनचा हात असतो, आणि चिपने ते कमी झालं तर ऑपरेशननेही होईल, असा अंदाज बांधता येतो. वजन किती वाढतं, केस कसे बदलतात, तेही कळतं. जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही सोय विशेष कामाची आहे. तिथल्या प्राणिसंरक्षण कायद्याच्या कलम 6 नुसार योग्य कारणाशिवाय अवयव काढता येत नाही, म्हणून नुसतं 'करून टाका' म्हणून ऑपरेशन होत नाही. अमेरिकेत ही चिप फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या पाळीव प्राण्यासाठी वापरली जाते, कुत्र्यांसाठी तिला मंजुरी नाही. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांसाठी मात्र ती निरुपयोगी, कारण तोच कुत्रा दर सहा महिन्यांनी पुन्हा पकडणार कोण? तिथे शस्त्रक्रियाच हवी.

कुत्रा भित्रा असेल, फटाक्यांना, अनोळखी माणसांना घाबरून अंगावर जात असेल, तर दोन्ही उपायांपासून थांबा. भीतीतून येणारा आक्रमकपणा टेस्टोस्टेरॉन काढून जात नाही, काही कुत्र्यांत तो वाढतो. अशा जनावराला आधी वर्तनतज्ज्ञाकडे न्यावं. मालकाचा फारच आग्रह असेल तर निदान चिप, कारण वागणं बिघडलं तर तिचा परिणाम ओसरतो. कापलेलं परत येत नाही.

चिप टाकण्याआधी डॉक्टरांना वृषणांचा आकार मोजून नोंदवायला सांगा, आणि कुत्र्याला कधी झटके आले असतील तर तेही त्यांना सांगा. पुढे वृषण पुन्हा मोठे दिसू लागले की परिणाम ओसरतोय असं समजून दुसऱ्या चिपचा किंवा ऑपरेशनचा निर्णय तेव्हाच घ्यायचा.