हायकोर्टाचे निकाल: जर्नल लावावं, सॉफ्टवेअर घ्यावं की कोर्टाच्याच साइटवर भागवावं?

स्वतंत्र ऑफिस थाटलं की टेबल-खुर्चीनंतरचा खर्च हा. मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल मिळवायचे कुठून? मी आठ वर्षं जर्नलची वर्गणी भरली, तीन वर्षं सॉफ्टवेअरची भरली आणि सध्या निराळ्याच वाटेने चाललोय. माझी प्रॅक्टिस जिल्हा न्यायालयातली, बहुतेक दिवाणी. कर किंवा कंपनीची कामं करणाऱ्यांचं गणित वेगळं असेल, त्यांनी हे वाचताना तेवढी सूट धरावी.

आधी जर्नल, म्हणजे निवडक निकाल छापणारं नियतकालिक. ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९ पासूनचा, नागपूरचं ‘महाराष्ट्र लॉ जर्नल’ आणि नागपूरचाच ‘एआयआर’ (ऑल इंडिया रिपोर्टर) तर आपल्याकडे प्रत्येक सीनियरच्या कपाटात दिसतात. छापील जर्नलचा खरा फायदा शोधण्यात नाही, वाचण्यात आहे. अंक आला की रविवारी चहासोबत चाळायचा. आपण शोधतच नव्हतो असा एखादा निकाल हाती लागतो आणि सहा महिन्यांनी नेमका कामाला येतो. कुणीतरी ढिगातून निवडून आपल्यापुढे ठेवलेलं असतं, ही सोय कुठल्याच सर्चमध्ये नाही. दोष तुम्हाला माहीत आहेत: उशीर, जागा आणि वाळवी. शिवाय हेडनोटवर, म्हणजे संपादकाने निकालाच्या वर दिलेल्या सारांशावर, विसंबायची सवय लागते. हेडनोटमध्ये तत्त्व ठसठशीत मांडलेलं असतं, आत परिच्छेद वाचला तर न्यायमूर्तींनी ते ‘या प्रकरणाच्या वस्तुस्थितीत’ एवढ्यापुरतंच म्हटलेलं निघतं.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही. वेग उत्तम, आणि पुढे तो निकाल कुठे मान्य झाला, कुठे उलटला हे एका क्लिकवर कळतं. मात्र पैसे कशाचे भरतोय ते लक्षात असू द्या. निकालाचा मूळ मजकूर कुणाच्या मालकीचा नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येच, न्यायालयाने मनाई केली नसेल तर, तो छापायला मोकळीक आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूळ मजकूर सगळ्यांचा ठेवला आणि संपादकाने स्वतःच्या बुद्धीने घातलेली भर तेवढी प्रकाशकाची मानली. म्हणजे वर्गणी असते ती हेडनोटची आणि सर्चची. रोज पाच-सहा निकाल शोधणाऱ्याला ती परवडते. मला आठवड्याला दोन लागायचे. तिसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा फोन आला तेव्हा ‘बघू’ म्हणालो, आणि अजून बघतोच आहे.

मोफत संकेतस्थळांनी तर आमच्यासारख्यांवर उपकारच केलेत. २००८ साली ‘इंडियन कानून’ सुरू झालं आणि बार रूमच्या लायब्ररीत खंड कुणी पळवला यावरची भांडणं थांबली. शोधायला मी अजूनही मोफतच वापरतो.

मग अडलं कुठे? एका छोट्याशा शब्दावर.

भाडेकरूचा दावा होता. माझ्या बाजूचा, हायकोर्टाच्या एकलपीठाचा (एकाच न्यायमूर्तींचा) एक निकाल मिळाला होता. कुठून उतरवला ते महत्त्वाचं नाही, शोधल्यावर सगळीकडे तोच मजकूर येत होता. खालच्या कोर्टाने अर्ज फेटाळला ते योग्यच होतं, असं एक सणसणीत वाक्य त्यात होतं. मी ते अधोरेखित करून, टॅग लावून कॉम्पायलेशनमध्ये (कोर्टाला द्यायच्या निकालांच्या गठ्ठ्यात) घातलं आणि कोर्टात मोठ्याने वाचलं. विरुद्ध बाजूचे वकीलसाहेब शांतपणे उठले आणि त्यांनी दीड पानाची एक ऑर्डर पुढे केली. निकालानंतर पंधरा दिवसांनी तेच प्रकरण ‘स्पीकिंग टू द मिनिट्स’साठी, म्हणजे निकालातली लिहिण्या-टायपिंगची चूक सुधारून घ्यायला, बोर्डावर (त्या दिवसाच्या कामकाजाच्या यादीत) आलं होतं. टायपिंगमध्ये एक ‘नॉट’ गळला होता, तो घालून घेतला होता. वाक्य उलटं झालं. न्यायाधीश रागावले नाहीत, नुसते माझ्याकडे बघून किंचित हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता यात मजकूर देणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही. त्याने पहिल्या दिवशी अपलोड झालेलं जसंच्या तसं दिलं होतं. अडचण अशी की इतर ठिकाणी निकाल एकटा भेटतो. कोर्टाच्या साइटवर केस नंबर टाकला की त्या प्रकरणातल्या ऑर्डर तारखेनिशी एकाखाली एक दिसतात: तहकुबी, अंतरिम आदेश, निकाल, मग मिनिट्सची दुरुस्ती, असला तर रिव्ह्यू (फेरविचार) सुद्धा. मुंबई हायकोर्टात अशा दुरुस्त्या काही क्वचित होत नाहीत, बोर्ड उघडून बघा. मी कॉम्पायलेशन करण्याआधी तो नंबर एकदा टाकला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

साइट सोयीची आहे असं मात्र म्हणवत नाही. आधी पीठ निवडा: मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. मुंबईत पुन्हा अपीलेट साइड (मुख्यतः अपिलं) की ओरिजिनल (मुख्यतः थेट तिथेच दाखल होणारे दावे). मग नंबर स्टॅम्पचा (दाखल करताना मिळालेला) की रजिस्टरचा (नोंदणीनंतरचा). यातलं एक चुकलं की नोंदच नाही म्हणून उत्तर, आणि कॅप्चा पुन्हा पहिल्यापासून. विषयावरून शोधायचं तर तिथे जाऊच नका. त्यासाठी ई-कोर्ट्सचं निकालांचं पोर्टल त्यातल्या त्यात बरं.

पण हाती येणारी प्रत पक्की. प्रत्येक पानाच्या तळाला अपलोडची आणि डाउनलोडची तारीख छापून येते. पूर्वी मला ती ओळ कुरूप वाटायची, झेरॉक्स काढताना झाकावीशी वाटायची. आता ज्युनियरच्या हातातल्या प्रतीवर मी पहिली तीच बघतो. डाउनलोड दोन वर्षांपूर्वीचं असेल तर ‘परत काढ’ म्हणतो. २०२३ पासून न्यूट्रल सायटेशन, म्हणजे कोर्टानेच प्रत्येक निकालाला दिलेला क्रमांक, आलं तेव्हापासून तर आणखी सोपं झालंय. ‘२०२३:बीएचसी-एएस’ दिसलं की अपीलेट साइड, ‘एनएजी’ दिसलं की नागपूर. मूळ प्रतच दोघांकडे असली की परिच्छेद क्रमांकही जुळतात. नाहीतर माझा चौदावा तो समोरच्याच्या जर्नलमध्ये सोळावा, आणि अर्धा युक्तिवाद तो शोधण्यातच जायचा.

जुन्या निकालांना मात्र खंडांशिवाय गत्यंतर नाही. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासूनची. १८७५ च्या कायद्याने तर सरकारी अधिकाराने छापलेल्या रिपोर्टशिवाय दुसरा रिपोर्ट ऐकून घेण्याचं बंधन कोर्टावर ठेवलंच नव्हतं. आज कुणी ते अंगाला लावून घेत नाही, पण १९३० सालचा हिंदू कुटुंबाच्या वाटणीचा निकाल लागला की पावलं बार लायब्ररीकडेच वळतात.

तर माझी सध्याची व्यवस्था अशी: एक जर्नल, तेही वाचायच्या हौसेपोटी. शोधायला मोफत संकेतस्थळ. कोर्टात द्यायची प्रत मात्र हायकोर्टाच्या साइटवरूनच, तीही सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी काढलेली. तुमच्याकडे कामाचा लोंढा असेल तर सॉफ्टवेअर जरूर घ्या, मी अडवणारा कोण. तरी पहिल्या वर्षी पैसे अडकवण्याआधी सहा महिने असं चालवून बघायला हरकत नसावी. कॅप्चाची वाकडी अक्षरं माझ्या चष्म्याला अजून लागत नाहीत, ती ज्युनियर भरतो.