बिल अडकलंय आणि पगार सात तारखेला: सीसी, ट्रेड्स की बिझनेस लोन?

रबाळे एमआयडीसीत गाळा घेऊन टर्निंग-मिलिंगचं काम करणाऱ्याला ऑर्डरची चणचण सहसा भासत नाही. मापात आणि वेळेवर माल देणारा माणूस आहे हे एकदा कळलं की महापे, पावणे, तुर्भे, खाडीपलीकडचं वागळे इस्टेट, कुठून ना कुठून काम येतंच. गाडं अडतं ते ऑर्डर हातात आल्यावर. राउंड बार, म्हणजे गोल लोखंडी सळ्या देणाऱ्या डीलरला महिन्याभरात पैसे हवेत. कामगारांचा पगार सात तारखेला. वीस तारखेला जीएसटी भरायचा, तोही अजून पैसे न आलेल्या बिलावरचा. आणि माल घेणारी कंपनी सांगते, "आमच्याकडे पेमेंटची नव्वद दिवसांची सायकल आहे."

याच वळणावर धंदा वाढतो किंवा बसतो. पैसे उभे करायचे तीन रस्ते समोर असतात: बँकेची कॅश क्रेडिट लिमिट म्हणजे सीसी, ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिल वटवणं, म्हणजे मुदतीआधी विकून पैसे घेणं, आणि फोनवर "दोन दिवसांत पैसे खात्यात" म्हणणारं बिझनेस लोन. तिन्ही मी वापरलेत. तिन्हींची तुलना बहुतेक जण फक्त व्याजदरावर करतात, ती चूक आहे. आधी बघायचं ते आपले पैसे नेमके कुठे अडकलेत. एका मोठ्या कंपनीकडे, की कच्च्या मालात आणि दहा-बारा छोट्या पार्ट्यांकडे? या उत्तरावर सगळं ठरतं.

सीसीपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची पहिली ओळख तिच्याशी होते. पाच कोटींपर्यंतच्या लिमिटसाठी बँका साधारणपणे रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीचा हिशेब लावतात: पुढच्या वर्षीच्या अंदाजे उलाढालीच्या २० टक्के बँक देते, ५ टक्के तुम्ही घालायचे. उलाढाल दीड कोटी दाखवली तर ३० लाखांची लिमिट, आणि साडेसात लाख तुमचे. मंजुरीचं पत्र हातात आलं की वाटतं ३० लाख आपले झाले. तसं नसतं. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल, येणी आणि देणी यांचा तक्ता द्यायचा, त्यावरून ड्रॉइंग पॉवर निघते, आणि उचल तेवढीच मिळते.

ही ड्रॉइंग पॉवर कागदावर मांडून बघा. समजा गाळ्यात १२ लाखांचा माल आहे, ९० दिवसांच्या आतली येणी २८ लाख आहेत आणि डीलरचं देणं १० लाख. निव्वळ झाले ३० लाख. त्यातून बँकेने २५ टक्के मार्जिन, म्हणजे तुमचा वाटा, कापलं की उरले साडेबावीस लाख. आता एका पार्टीचं ८ लाखांचं बिल नव्वदी ओलांडून गेलं. बँकेच्या लेखी ते येणं संपलं. निव्वळ २२ लाख, मार्जिन कापून साडेसोळा. पार्टीने पैसे दिले नाहीत म्हणून तुम्हाला ज्या महिन्यात पैशांची सर्वात जास्त गरज आहे, त्याच महिन्यात बँकेने ६ लाख मागे घेतले. सीसीतला हा पेच मला पहिल्यांदा कळला तेव्हा खात्यात जागा नव्हती आणि पगाराला तीन दिवस होते. तेव्हापासून मी येण्यांच्या यादीत प्रत्येक बिलासमोर त्याचं वय लिहितो, आणि साठावा दिवस आला की त्या पार्टीला फोन करायचा म्हणजे करायचा.

तरीही सीसी हवीच. व्याज लागतं ते वापरलेल्या पैशांवर आणि वापरलेल्या दिवसांपुरतं. पार्टीचे पैसे आले, खात्यात जमा झाले, त्या दिवसापासून व्याज उतरलं. कच्चा माल रोख घेऊन डीलरकडून भाव पाडून घेता येतो, आणि हा फायदा बरेच जण मोजतच नाहीत. तारण नाही म्हणून मागे हटू नका. सरकार आणि सिडबी या लघुउद्योगांसाठीच्या बँकेने २००० साली उभा केलेला सीजीटीएमएसई हा ट्रस्ट बँकेला हमी देतो, आणि १ एप्रिल २०२५ पासून ही हमी १० कोटींपर्यंतच्या कर्जाला मिळू शकते. त्यासाठी दरवर्षी फी पडते, आणि बँक तुमची वैयक्तिक हमी घेतेच, पण राहतं घर गहाण टाकावं लागत नाही. बँकेत जाताना "तारण काय देऊ" असं आपणहून विचारू नका. "सीजीटीएमएसईमध्ये प्रस्ताव घ्या" असं म्हणा.

स्टॉक स्टेटमेंट खरं भरा, एवढंच त्यावर सांगेन. बँकेचा माणूस गाळ्यात येतो, रॅकवरचे बार बघतो, डायमीटर विचारतो, एखाद्या बंडलचं बिल मागतो. तिथे कागद आणि लोखंड जुळलं पाहिजे.

आता ट्रेड्स. आपल्या पट्ट्यातले कितीतरी गाळेवाले अजून याच्या वाटेला गेलेले नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली याचे नियम काढले. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट हे त्यातले मंच. तुमचं बिल मंचावर चढतं, कंपनी ते तिथे मान्य करते, मग बँका त्यावर बोली लावतात. सर्वात कमी दराची बोली तुम्ही स्वीकारली की एक-दोन दिवसांत पैसे खात्यात. मुदत संपली की बँक कंपनीच्या खात्यातून वसूल करते.

इथे दोन गोष्टी सीसीपेक्षा मुळातूनच वेगळ्या आहेत. दर ठरतो तो कंपनीची पत बघून, तुमची नाही. १२ कामगारांच्या गाळ्याला मोठ्या कंपनीच्या दरात पैसे मिळतात. आणि कंपनीने मुदतीला पैसे दिले नाहीत तरी बँक तुमच्याकडे वसुलीला येऊ शकत नाही. बिल विकलं, विषय संपला. सीसीत तीच उधारी बुडाली तर ती तुमच्या डोक्यावर राहते.

अडचण एकच आहे, पण मोठी आहे. कंपनीने बिल मान्य केल्याशिवाय पुढे काहीच होत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर नोंदणी करणं सरकारने बंधनकारक केलं. नोंदणी झाली म्हणजे तुमचं बिल चढेल, असं मात्र नाही. म्हणून हा विषय बिल अडकल्यावर काढू नका. ऑर्डर घेताना, दराची घासाघीस चालू असते तेव्हाच काढा. "तुम्ही नव्वद दिवस घ्या, पण बिल ट्रेड्सवर मान्य करा" हे पर्चेसवाल्याला पटतं, कारण त्याच्या खिशातून लवकर काहीच जात नाही. व्याज कोण सोसणार हेही तेव्हाच लिहून घ्या. ते कंपनीनेही सोसता येतं.

सीसी आणि ट्रेड्स दोन्ही वापरणार असाल तर बँकेला आधी कळवा. येण्यांवर बँकेचा बोजा असतो, त्यामुळे ना हरकत पत्र मागितलं जातं. ट्रेड्सवर वटवलेलं बिल स्टॉक स्टेटमेंटमधून त्याच महिन्यात काढून टाका. एकाच बिलावर दोन ठिकाणी पैसे उचलणं म्हणजे बँकेशी कायमचं वैर.

बिझनेस लोनबद्दल फार लिहायची गरज नाही, फक्त आकडे बघा. १० लाखांचं बिल घेऊ, पैसे यायला ४५ दिवस. ट्रेड्सवर ९ टक्के दर धरला तर खर्च सुमारे ११ हजार. सीसीत ११ टक्क्यांनी धरलं तर मार्जिन जाऊन साडेसात लाखच हाती येतात, त्यांवर व्याज १० हजारांच्या आसपास. आता "महिना फक्त दीड टक्का" म्हणणारं लोन. हे व्याज फ्लॅट असतं, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी पहिल्या दिवशीच्या १० लाखांवरच लागत राहतं. वर्षभराचं व्याज १ लाख ८० हजार, हप्ता ९८,३३३ रुपये. घटत्या मुद्दलावर मांडलं तर हा दर ३१ टक्क्यांच्या वर जातो. शिवाय प्रोसेसिंग फी.

मी एकदा असं लोन घेतलं होतं, एका कंपनीचं ९ लाखांचं बिल थांबलं म्हणून. कंपनीचे पैसे चार महिन्यांनी आले. हप्ते वर्षभर चालू राहिले, कारण आधी फेडायचं तर वेगळा दंड होता आणि तो मी सही करताना वाचला नव्हता. त्या वर्षी ऑर्डर वाढल्या, उलाढाल वाढली, आणि मार्चअखेर हातात आधीच्या वर्षापेक्षा कमी उरलं.

घ्यावंच लागलं तर 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून लघुउद्योगांच्या मुदत कर्जाला ते देणं सक्तीचं आहे. त्यात वार्षिक दराचा, म्हणजे एपीआरचा आकडा असतो आणि त्यात फीसुद्धा धरलेली असते. एजंट तोंडाने काहीही सांगो, तुलना त्या आकड्याशी करा. मुदतपूर्व परतफेडीचा दंडही तिथेच वाचा.

नवीन व्हीएमसी मिलिंग मशीन घ्यायची असेल तर या तिन्हींपैकी काहीच नको. मशीनला मशीनचं मुदत कर्ज घ्या. सीसीच्या पैशांतून मशीनचं आगाऊ पेमेंट केलेले गाळे मी पाहिलेत. पुढची दोन वर्षं त्यांची लिमिट कायम तळाला टेकलेली असते.

कोणताही रस्ता धरा, लघुउद्योग म्हणून सरकारकडची उद्यम नोंदणी आधी हवी, आणि तिचा नंबर प्रत्येक बिलावर छापलेला हवा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. अशी थकबाकीची प्रकरणं ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे दादही मागता येते, पण ज्याचं अर्धं काम एकाच कंपनीचं आहे तो तिच्याविरुद्ध तक्रार करायला धजत नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या ४३ब (एच) या कलमाने मात्र चित्र थोडं बदललं. मुदत उलटली आणि वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. त्यामुळे आकारणी वर्ष २०२४-२५ पासून वर्षअखेरीला कंपन्यांचं अकाउंट्स खातं आपणहून उद्यम प्रमाणपत्र मागवायला लागलं. प्रमाणपत्र पाठवताना जुन्या बिलांची यादी सोबत जोडा.

माझ्याएवढा, दीड-दोन कोटींचा धंदा असेल तर मी असं करेन: सीजीटीएमएसईखाली सीसी घ्यायची, पण ती कच्च्या मालासाठी आणि छोट्या पार्ट्यांच्या उधारीसाठी. मोठ्या कंपनीची बिलं ट्रेड्सवर. एखादी मोठी कंपनी ट्रेड्सला नाहीच म्हणाली तर तिचं काम एकूण कामाच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ द्यायचं नाही, ऑर्डर कितीही गोड असली तरी. ज्याचा सगळा माल छोट्या पार्ट्यांना जातो त्याने ट्रेड्सचा नाद सोडून सीसीच नीट सांभाळावी.

आणि उद्यापासून डिलिव्हरी चलनावर कंपनीच्या स्टोअरचा शिक्का, तारीख आणि जीआरएन, म्हणजे माल पोचल्याच्या नोंदीचा नंबर घेतल्याशिवाय टेम्पो गेटबाहेर काढू नका, ड्रायव्हरला तसं सांगून ठेवा. ४५ दिवस मोजायचे असोत, बिल ट्रेड्सवर मान्य करून घ्यायचं असो की बँकेला येणं दाखवायचं असो, तिन्ही ठिकाणी पहिला कागद तोच मागतात.