ईएफ ७०-२०० एफ/२.८ एल आयएस २: अ‍ॅडॉप्टरवर काही महिने वापरल्यावर, आणि विकताना किंमत कशावर ठरते

कॅननच्या डीएसएलआरसाठीच्या ईएफ माउंटची (लेन्स बॉडीला जोडण्याची जागा) ही ७०-२०० मिमी झूम लेन्स कशी आहे ते सगळ्यांना माहीत आहे. ७७ मिमी फिल्टर, दीड किलोच्या आसपास वजन, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरलाही कोपऱ्यापर्यंत खणखणीत चित्र. त्यावर शब्द घालवत नाही. कॅननच्याच नव्या आरएफ माउंटच्या मिररलेस बॉडीवर काही महिने वापरल्यावर मला लिहायचंय ते फोकस मोटरबद्दल. महागडं सामान किंमत धरून ठेवतं की नाही, याचा निकाल माझ्या मते तिथेच लागतो.

कारण घडलं ते दुसऱ्याच एका जुन्या प्राइम (एकाच फोकल लेंग्थच्या) लेन्सचं. मोटर बसली आणि सर्व्हिस सेंटरने ‘पार्ट बंद झालाय’ म्हणून लेन्स जशीच्या तशी परत केली. काच निर्मळ, अ‍ॅपर्चर ठणठणीत, बाहेर ओरखडा नाही, तरी घ्यायला कोणी तयार नाही. कारण ती फोकस-बाय-वायर. अशा लेन्समध्ये फोकस रिंग काचेच्या गटाला जोडलेलीच नसते. रिंग फिरवली की मोटरला फक्त हुकूम जातो. मोटर मेली की हाताने फोकस करणंही संपलं. ईएफ ८५ एफ/१.२ एलच्या दोन्ही आवृत्त्या याच पद्धतीच्या आहेत. ७०-२०० मध्ये रिंग यूएसएम (कड्याच्या आकाराची अल्ट्रासॉनिक मोटर) आहे आणि हाताची रिंग यंत्राने जोडलेली आहे, त्यामुळे मोटर गेली तरी बहुतेक वेळा हाताने काम भागतं. सेकंडहँड बाजारात हा फरक काचेवरच्या बारीक ओरखड्यापेक्षा कितीतरी मोठा धरायला हवा, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो.

सुरुवातीला वाटत होतं, याच लेन्सची आरएफ आवृत्ती २०१९ मध्ये आल्यावर हिचा भाव कोसळणारच. ती १०७० ग्रॅमची आहे, बॅगेत आखूड मावते. वापरत गेल्यावर मत बदललं. एक तर ईएफची माउंट ते सेन्सर जागा ४४ मिमी आणि आरएफची २० मिमी. मधले २४ मिमी अ‍ॅडॉप्टर भरून काढतो, त्यात काच नाही, म्हणून चित्र आणि ऑटोफोकस दोन्ही शाबूत राहतात. दुसरं, या ईएफवर १.४ आणि २ पट एक्स्टेंडर (फोकल लेंग्थ वाढवणारी जोड-लेन्स) चालतात, २०१९ च्या आरएफवर चालत नाहीत. आणि मुख्य म्हणजे आरएफमध्ये मॅन्युअल फोकसही इलेक्ट्रॉनिक आहे. आज ती नवी आहे, पार्ट मिळतात. पार्ट संपल्यावर काय, याचा हिशेब नवी घेताना फारसं कोणी करत नाही.

निकॉनवाल्यांना हा धडा वेगळ्या वाटेने मिळाला. जुन्या एफ माउंट लेन्स नव्या झेड मिररलेस बॉडीवर लावायच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये फोकस मोटर नाही, त्यामुळे बॉडीतल्या मोटरच्या स्क्रूवर चालणाऱ्या एएफ-डी लेन्स झेड माउंटवर नुसत्या मॅन्युअल उरतात. त्याहून जुन्या एआय-एस लेन्समध्ये ऑटोफोकसच नव्हता, तेव्हा फोकसच्या बाबतीत त्यांचं काही गेलं नाही.

बॉडीबद्दल थोडक्यात. पुढचं मॉडेल जाहीर झालं की भाव घसरतो, त्याला इलाज नाही. लोक शटर काउंटला (शटर किती वेळा चाललंय त्या आकड्याला) देवासारखं पुजतात ते मात्र अती आहे. कॅनन ५डी मार्क ४ चं शटर १,५०,००० ला आणि १डीएक्स मार्क २ चं ४,००,००० ला रेट केलेलं आहे, पण तो चाचणीचा आकडा, मरणाची तारीख नव्हे. शिवाय पार्ट उपलब्ध असेल तोवर शटर युनिट बदलता येतं. निकॉनच्या झेड९ आणि झेड८ मध्ये तर यांत्रिक शटरच नाही.

आता विकत घेताना मोटर कशी तपासायची. लेन्स अर्धा तास तरी न वापरता पडलेली असू द्या. दुखणं पहिल्या हालचालीत दिसतं. फोकस लिमिटरचा (फोकसचा पल्ला आखडणारा) स्विच पूर्ण पल्ल्यावर ठेवा. जवळच्या टोकावरून अनंताकडे आणि उलट, दहा-पंधरा वेळा न्या, ७० वर आणि २०० वर वेगवेगळं. रिंग यूएसएम जवळजवळ मुकी असते. चिरका आवाज, एकाच जागी अडखळणं किंवा टोकाशी घसरणं म्हणजे मोटरच्या फिरत्या (रोटर) आणि स्थिर (स्टेटर) भागांमधला घर्षणाचा पृष्ठभाग झिजलाय किंवा त्यावर ग्रीस उतरलंय. लिनिअर मोटरच्या काही लेन्स बंद असताना हलवल्या तर आतून खडखडतात. ते बिघाडाचं लक्षण नाही, त्यावरून भाव पाडू नका.

मग एफ/२.८ वर दोन फोटो आणि एफ/८ वर चार. उघड्यावर ठीक आणि अ‍ॅपर्चर लहान केल्यावर एरर येत असेल तर संशय अ‍ॅपर्चरच्या फ्लेक्स केबलवर घ्या. शेवटी मागून टॉर्च मारून आत पाहा: धाग्यांची जाळी म्हणजे बुरशी, दुधाळ पडदा म्हणजे हेझ. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर साफ केल्यावरही डाग उरतो. घरी ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा, चामड्याच्या केसमध्ये नको, ती ओल धरते.

खोका जपल्याचे पैसे फारसे मिळत नाहीत. हूड आणि ट्रायपॉड कॉलर हरवल्याचे मात्र नक्की कापले जातात, म्हणून घेतानाच दोन्ही मोजून घ्या. आणि ज्या लेन्सची सर्व्हिस बंद होण्याची तारीख कंपनीने जाहीर केलीय, ती फोकस-बाय-वायर असेल तर त्या तारखेच्या बऱ्याच आधी विका. रिंग यूएसएमची असेल तर घाई नको.